वैऱ्याच्या हातचं पागोटं

मले राग लवकर येते, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या करंजटोल्यात टेकचंदचं नाव काढलं का लोक म्हणतात, "तो होय? दावणीच्या बैलाशीही भांडते तो!" खोटं नाही. पण जन्मभरात माया एकच राग कामी आला, अन् तो भर मंडईत, सगळ्या गावापुढं आला. त्याचीच गोष्ट सांगतो.

करंजटोला सालेकसा ठेसनापासून दोन कोसावर. आठवडी बाजार, चौथीपर्यंत शाळा, डाकघर, अन् गावाच्या डोक्यावर मोठा तलाव. दिवाळी झाली का आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, दुकानं लागतात, रातभर दंडारीचं नाटक होते. आमच्या मंडईत मात्र दुपारी एक काम होते, जे दुसऱ्या कोणत्या गावात नाही. ज्या माणसानं गावाची लाज राखली, त्याले चावडीपुढच्या ओट्यावर बसवून कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, पागोटं बांधतात. बाई असली तं लुगडं नेसवतात.

ही रीत केवलराम पाटलाच्या आज्यानं घातली, अन् घालतानाच तिच्यात एक पाचर मारून ठेवली. म्हणाला, सोयरा गुण गाणारच, त्याचं काय घेऊन बसले? ज्याचं त्या माणसाशी जमत नाही, त्यानं उठून त्याच्याबद्दल एक खरी चांगली गोष्ट सांगावी. अन् पागोटंही त्यानंच आपल्या हातानं बांधावं. वैरी उठला नाही, तं कापड परत पेटीत.

तुम्ही हसान, पण या रितीपायी आमच्या मास्तरचं पागोटं दोन साल अडलं होतं. काऊन? तं त्या देवमाणसाचं कोणाशीच भांडण नव्हतं. शेवटी शेजाऱ्याची बकरी त्याच्या वांग्यात शिरली, दोघांची मस्त जुंपली, तवा कुठं गावाचा जीव भांड्यात पडला. मंगली सुईणीच्या लुगड्याले तिची सूनच उठली होती. म्हणाली, "घरात तोंडाची फाटकी हाय मायी सासू, दिवसभर चालू राहते. पन बाळंतिनीकडून बोलावनं आलं का ताटावरून उठते, हात धुवाले थांबत नाही." गाव खो खो हसलं, अन् सासू-सुना एकमेकीच्या गळ्यात पडून रडल्या.

तं ज्या सालची ही गोष्ट, ती लढाई संपून दुसरी दिवाळी होती. कापड कंट्रोलात, राकेल कंट्रोलात. तरी कोष्ट्यानं नऊ हात कोसा विणून ठेवला होता. मंडईच्या चार दिवस आधी पाटलाच्या ओसरीत बैठक बसली. पाटील म्हणाला, "यंदा पुनाराम पानकर."

मी ओसरीच्या खांबाले टेकून बसलो होतो. ते नाव ऐकलं अन् ताठ झालो.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी शेतोशेती वाटणारा माणूस. पुनाराम मडावी तीस वर्सं झाले ते काम करत होता. साठीचा बुढा, काळाकभिन्न, एका पायानं थोडा लंगडा. बोलणं कमी. पावसाळ्यात त्याचा मुक्काम तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर. एका साली पुराचं पाणी पाळीतून झिरपायले लागलं, तं हा गडी तणसाचे पेंढे अन् चिखल घेऊन छातीभर पाण्यात उतरला अन् गाव जमा होईपर्यंत भोकाले पाठ लावून उभा राहिला. मी डोळ्यानं पाहिलं आहे. पाठीची सालटी निघाली होती, अन् बुढा म्हणते काय, "कोनी चिलीम आनली का गा?"

त्याची वाटायची पद्धतही त्याचीच होती. दुसरीकडं पाणी आधी जवळच्या शेताले देतात. पुनाराम आधी नहराच्या पार टोकाच्या बांधीले, म्हणजे धानाच्या शेताले द्यायचा, अन् मग एकेक बांधी मागं यायचा. म्हणायचा, "जवळच्याचं पोट आधी भरलं तं तो घरी जाऊन झोपते. त्याले शेवटी देलं तं तो आपल्या पान्यासाठी सगळी नहर राखते." बोला! अडाणी माणूस, पण असा हिशेब मोठमोठ्या सायबायले सुचला नसता. या पद्धतीपायी सगळ्यात शेवटची बांधी शामकलाबाईची, ती रांडमुंड बाई, तिले पाणी पहिलं. अन् तुडुमाजवळची, म्हणजे तलावाच्या दाराजवळची पहिली बांधी मायी, तं मले पाणी शेवटचं.

बैठकीत किराणावाला छोटेलाल बोलला, "सब ठीक है पाटील, आदमी हीरा है. पर ग्यारह साल पहले नहर फूटी थी, उसका क्या? उसने खुद कबूल किया था."

पाटील म्हणाला, "ते त्याच्या वैऱ्याच्या तोंडूनच आयकू. अन् वैरी म्हनसान तं गावात त्याले एकच हाय."

सगळ्या माना मायाकडं वळल्या. अकरा सालात मी पुनारामचा रामराम घेतला नव्हता. तो समोरून आला का मी रस्ता बदलायचो. गावाले वाटे, त्या दुष्काळी साली त्यानं मले पाणी देलं नाही म्हणून टेकचंद फुगला आहे. मीच तसं सांगत फिरलो होतो.

आता खरं सांगतो. ती नहर मी फोडली होती.

त्या साली पाऊस भादव्यातच पाठ दाखवून गेला. धान लोंबीवर आलेलं, अन् तलावात फक्त एकदा वाटण्यापुरतं पाणी. भर दुपारी मी मायाच बांधीच्या धुऱ्यावर उभा होतो. नाकासमोरून पाणी खळखळ वाहून राहिलं होतं, अन् मायं धान पिवळं पडून राहिलं होतं. पुनाराम पार टोकाले, शामकलाबाईच्या बांधीत पाणी पोचलं का नाही ते पाहायले गेलेला. माया डोक्याची शीर तडकली. म्हटलं, जवळच्यानं मरावं अन् दूरच्यानं जगावं, हा कुठला न्याय? फावडं घेतलं अन् नहराच्या काठाले एक बारीक तोंड पाडलं. थोडंसंच घेणार होतो, आईशप्पथ. पण काठ भिजून लोण्यासारखा झाला होता. तो ढासळला, मग समोरचा काठ ढासळला, अन् सगळं पाणी बाजूच्या नाल्यात धो धो जायले लागलं.

पाण्याची धार तुटलेली पाहून पुनाराम लंगडत धावत आला. माया हातात फावडं, मी गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यानं मले एक शब्द विचारला नाही. दुरूनच ओरडला, "टेकचंद, तुडुम बंद कर! तू तरना हायेस, धाव!"

मी धावलो. पण तुडुमाकडं नाही, घराकडं धावलो.

मी तुडुमाकडं गेलो असतो तं अर्धं पाणी वाचलं असतं. तो लंगडा बुढा पोचून एकट्यानं ते जड दार बसवेपर्यंत तलावाचा तळ दिसायले लागला होता. शामकलाबाईचं सगळं धान पोचट झालं. ती बाई दोन साल दरेकसाच्या जंगलात तेंदूपानं तोडून अन् मोहफुलं वेचून जगली. अन् पंचायतीत जवा विचारलं का नहर कशी फुटली, तं पुनाराम मान खाली घालून म्हणाला, "खेकड्यायनं पोखरली होती. म्या पाहाले पाहिजे होतं. मायी चूक."

मी तिथंच बसलो होतो, दोन हात अंतरावर.

गावानं त्याचं काम काढून घेतलं. पुढच्या सालच्या पहिल्याच वाटपात चार भांडणं झाली, दोघायची डोस्की फुटली, तवा लोक हात जोडून त्याले परत घेऊन आले. तो आला, काही बोलला नाही, अन् पहिलं पाणी शामकलाबाईच्या बांधीले सोडलं.

अन् मी? मी त्याच्यावर राग धरून बसलो. ज्याचं आपण वाईट केलं त्याचं तोंड पाहायची हिंमत होत नाही, मग माणूस त्याच्यावरच चिडते. मले हे समजायले अकरा साल लागले.

बैठकीतून घरी आलो तं बायको, प्रेमिला, चुलीपुढं बसली होती. तिले बातमी आधीच पोचलेली. नहर फुटली त्या दिवशीचं तिनं मायं चिखलाचं धोतर धुतलं होतं. तिले सगळं माहीत होतं, पण अकरा सालात आम्ही दोघं त्या गोष्टीवर एक अक्षर बोललो नव्हतो.

"काय सांगसान मंडईत?" तिनं विचारलं.

"सांगीन काहीतरी. तलावाची मासोळी त्यानं कधी घरी नेली नाही, असं सांगीन. खरंच आहे ते."

"अन् नहर?"

"तुले काय करायचं आहे? नहर फोडली म्हटलं तं गावाचा कायदा माहीत आहे नं? तीन साल पाणी बंद! अन् चारचौघात नाक कापलं जाईल ते वेगळं."

तिनं फुंकणी खाली ठेवली. "मंग आयका. तुमी नाही सांगतलं तं मी उठीन. पुनामामाशी मायं भांडन नाही, पन तुमच्याशी हाय. अकरा सालाचं हाय." एवढं बोलून तिनं मायापुढं ताट सरकवलं.

मंडईच्या दिवशी चावडीपुढं पाय ठेवायले जागा नव्हती. सालेकस्याचे, चिचगडचे पाहुणे, बायका झाडाखाली, माणसं उन्हात. पुनाराम ओट्यावर घोंगडीवर बसला होता. धुतलेलं धोतर, अंगात बंडी, डोकं उघडं. त्याले तिथं नीट बसवत नव्हतं. त्या माणसाले लोकांनी आपल्याकडं पाहायची सवयच नव्हती. बाजूले ताटात कोशाचं पागोटं.

पाटलानं हाक दिली, "पुनाराम मडावीशी ज्याचं जमत नाही, त्यानं उठावं!"

मी उठलो. बायकांत प्रेमिला बसलेली दिसली, डोळे मायावर रोखलेले. मी घसा खाकरून ठरवलेलं बोललो, "तीस साल तलाव याच्या हातात हाय. पन एक मासोळी यानं कधी आपल्या घरी नेली नाही."

"वा!" कोणीतरी म्हणालं. लोकांनी माना हलवल्या. पाटलानं ताट उचललं. झालं होतं, सुटलो होतो मी. प्रेमिला उठायसाठी पदर सावरून राहिली होती, ते मले दिसलं. पण तिच्या आधी शामकलाबाई उठली.

"पाटील, मी पागोटं अडवाले नाही उठली," ती म्हणाली. आवाज कापत होता. "मामानं मले दर साली पहिलं पानी देलं. पन त्या साली मायं सोन्यासारखं धान गेलं. माया मनात अकरा साल एकच खुपते. मामा, आज देवासमोर सांगा. त्या दिवशी तुमी झोपले होते का? खेकड्याची भोकं तुमाले दिसली कशी नाही?"

पुनारामनं मायाकडं पाहिलंसुद्धा नाही. तो ओट्यावरून उठला, त्या बाईपुढं हात जोडले, अन् म्हणाला, "चुकलं बाई. मायंच चुकलं. पागोटं राहू द्या पाटील. बाईच्या मनात किंतू हाय तं मले शोभत नाही." अन् तो खाली उतरायले लागला.

मानाच्या दिवशी! सगळ्या पंचक्रोशीपुढं! बुढ्यानं दुसऱ्यांदा मायं पाप आपल्या डोक्यावर घेतलं, अन् तेही हात जोडून! माया अंगाची लाही लाही झाली. कशाचा विचार अन् कशाचं काय, मी ओरडलो, "खोटारडा हाय हा! एक नंबरचा खोटारडा! भर मंडईत खोटं बोलून राहिला!"

पाटील गरजला, "टेकचंद, तोंड सांभाळ!"

"कायले सांभाळू? कुठले खेकडे? एक खेकडा नव्हता तिथं! नहर म्या फोडली! फावड्यानं फोडली, भर दुपारी! यानं मले डोळ्यानं पाहिलं! तुडुम बंद कर म्हनला तं मी घरी पळालो, अन् हा लंगडत तिकडं धावला! विचारा त्याले! विचारा, अकरा साल कायले खोटं बोलला ते!"

माया तोंडून हे निघालं, अन् मग मले रडू आलं. चार लेकरांचा बाप, पण पोरासारखा हुंदके देऊन रडलो. कोणी जवळ आलं नाही. कोणी कायले येईल?

पाटलानं पुनारामले विचारलं, "खरं हाय का हे?"

बुढ्यानं टाळू खाजवली. "आता तोच सांगते तं खरंच असन."

"मंग तवा काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं त्याचं पानी तीन साल बंद झालं असतं. तीन लेकरं होते त्याच्या घरी, चौथं पोटात. पानी पोचवाचं काम मायं. कोनाचं तोडाले मायी जीभ वळली नाही."

शामकलाबाई तोंडावर पदर घेऊन उभी होती. ती पुढं आली अन् पुनारामच्या पाया पडली. "मामा, म्या तुमाले मनातल्या मनात लय शिव्या देल्या." मग मायाकडं वळली. मी मान वर केली नाही. ती म्हणाली, "टेकचंदभाऊ, तुमाले गाव काय शिक्षा देते ते गाव पाहीन. मायं मन इतक्यात साफ होनार नाही. उगाच आशा ठेवू नका."

"नाही ठेवत, बाई," मी म्हणालो. अन् खरंच, मले तिचा राग आला नाही. पहिल्यांदाच कोणाचा आला नाही.

मागून एकजण ओरडला, "याचं पानी बंद करा!" दुसरा म्हणाला, "अन् पागोट्याले हात लावू देऊ नका त्याले!" गलका झाला. पाटलानं हात वर करून सगळ्यांले चूप केलं अन् पुनारामले म्हणाला, "मामा, पानी तुमी वाटता. तुमीच सांगा. बंद कराचं का?"

मले वाटलं, हा आता माफ करा म्हणेल. गावालेही तसंच वाटलं असेल. पण पुनारामनं शांतपणे विचारलं, "टेकचंद, तुया लहान पोरगा केवढा झाला?"

"अकराव्यात आहे."

"मंग करा बंद," तो पाटलाले म्हणाला. "तवा लेकरं लहान होते. आता मोठे झाले, हाताखाली आले. रीत ते रीत. तीन साल."

आधी कोणाले समजलं नाही, मग एकेक करून सगळं गाव हसायले लागलं. छोटेलाल तं पोट धरून खाली बसला. अन् मीही, नाक पुसत पुसत, हसलो. हात जोडून म्हणालो, "मंजूर!" प्रेमिलाकडं पाहिलं तं ती डोळे पुसून राहिली होती, अन् तिनं हळूच मान हलवली.

"आता पागोटं कोन बांधनार?" पाटलानं विचारलं. "याचे हात तं..."

"हाच बांधन," पुनाराम ओट्यावर परत बसत म्हणाला. "वैऱ्यानं बांधाचं असते नं? मंग याच्याहून मोठा वैरी मी कुठून आनू? बांध गा, उन्ह लागून राहिलं डोक्याले."

मी ओट्यावर चढलो. नऊ हात कोसा हातात घेतला, अन् घाईघाईत पहिला पेच घसरून बुढ्याच्या नाकावर आला. लोक हसले. मी दुसऱ्यांदा सुरू केलं. त्याचं डोकं माया छातीजवळ होतं, केस पांढरेफक. तो हळूच, फक्त मले ऐकू येईल असं बोलला.

"टेकचंद, मले एक समजलं नाही. अकरा साल तू मायाशी बोलला नाही. काऊन गा? म्या तं कोनाले सांगतलंच नव्हतं."

"म्हनूनच नाही बोललो, मामा."

मग त्यानं आपला राठ हात मागं आणून माया मनगटावर ठेवला, अन् मी शेवटचा पेच खोचेपर्यंत तो तिथंच राहू देला.